आईच्या अंगात कोण येत होतं

आईने मला पहिल्यांदा ओळखलं नाही, तेव्हा ती पेटत्या स्टोव्हसमोर बसून धुतलेले तांदूळ पिण्याच्या पाण्याच्या कळशीत ओतत होती. मंगळवारची सकाळ. मी दादरला चष्म्याच्या एका दुकानात काउंटरवर कामाला होते, निघायच्या घाईत होते. हे काय करतेस म्हणून मी तिचा हात धरला, तर हात घामाने चिंब. चेहरा पांढराफटक. परकी बाई खोलीत शिरल्यासारखं तिने माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "तू कोण गो?"

मला आधी चेष्टाच वाटली. मग ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी वाढायला लागली. हातात पळी नव्हती, समोर पान नव्हतं, पण ती वाकून वाकून आग्रह करत होती, आमटी घे म्हणत होती.

माझ्या ओरडण्याने बाबा गॅलरीतून आत आले. पाठोपाठ शेजारच्या खोलीतली गोदामावशी आली. तिने आईकडे एकदाच बघितलं, देव्हाऱ्यातलं कुंकू उचलून आईच्या कपाळभर माखलं, हात जोडले आणि आमच्याच डब्यातला गुळाचा मोठा खडा आईच्या तोंडात घातला. वर खोबऱ्याचा तुकडा. लेकरांवर राग धरू नको, शांत हो, असं पुटपुटत ती बसून राहिली. आई गूळ चघळत होती. थोड्या वेळाने तिने मान झटकली, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "स्टोव्ह कोणी इझवलो?"

झाल्यातलं तिला काहीही आठवत नव्हतं. गोदामावशीने मात्र दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला सांगितलं की पार्वतीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, अंगात आलं. मंगळवार, त्यात आईचा उपास. शंका घ्यायला कुणाला जागाच उरली नाही.

* * *

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि आई खानावळ. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार पाळीपाळीने आमच्या एका खोलीत जेवून जायचे. पहाटेपासून आई भाताच्या टोपाशी असायची. आमटीची चव बघ, पेजेचा घोट घे, भाकरीचा तुकडा मोड, असं तिचं दिवसभर चालायचं. पान वाढून घेऊन ती कधी जेवली असेल तर मला आठवत नाही.

संप झाला आणि जेवणारे एकेक करून गावाला निघून गेले. बाबाही घरी बसले. सुरुवातीला सभा होत्या, मोर्चे होते, उद्या मिटेल, परवा मिटेल असं होतं. वर्ष उलटल्यावर तेही बोलणं थांबलं. चूल दिवसातून एकदा पेटायला लागली. आई आम्हाला वाढायची आणि आपण जेवल्याचं सांगायची. सगळी चाळ वाळत चालली होती, आई मात्र वाळली नाही. उलट तिच्या अंगावर सूज आल्यासारखी दिसायची. त्यावरून बायका कुजबुजायच्या. पुढे "अंगात आलं" म्हटल्यावर त्याच बायका तिच्या चेहऱ्यावर तेज आलंय म्हणायला लागल्या.

डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही आणि ते इथे सांगणारही नाही. पण ज्यांच्या घरातलं माणूस असं अधूनमधून हरवतं आणि परत येतं, आणि ज्यांना चारी बाजूंनी गप्प बसायला सांगितलं जातं, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. मी गप्प बसले नाही. आईही बसली नाही.

* * *

तो प्रकार पुन्हा झाला, मग पुन्हा झाला. बहुतेक वेळा मंगळवारीच. आई घामाघूम व्हायची, बरळायची, लुगडं सोडायला लागायची, एकदा तर समोरच्या चाळीत जाऊन कुणाच्या तरी खोलीत चूल पेटवायला बसली. प्रत्येक वेळी गोदामावशी कुंकू लावायची, गूळ-खोबरं द्यायची आणि देवी शांत व्हायची.

मग लोक मंगळवारी वाट बघायला लागले. गॅलरीत बायका नारळ घेऊन बसायच्या. कुणाचा नवरा कामावर परत जाईल का, कुणाची गिरणी उघडेल का, हे विचारायचं असायचं. आई बरळायची त्यातून ज्याला हवा तो शब्द तो उचलायचा. ती "आमटी घे" म्हणाली की घरात अन्न येणार असा अर्थ निघायचा. माझी आई, जिला स्वतःचं नावही त्या वेळी सांगता येत नव्हतं, तिच्या पायावर माणसं डोकी ठेवायची.

बाबा दारात उभे राहून सगळ्यांना रांगेत बसवायचे. गिरणी बंद झाल्यापासून खाली मान घालून बसणारा माणूस मंगळवारी ताठ असायचा. लोक नारळ, तांदूळ, साखर ठेवून जायचे. ते आमच्याच चुलीवर शिजायचं, मीही ते खायची. म्हणून मला घरात कुणाशी पटकन भांडता येत नव्हतं. पण जळायची मी.

आईला शुद्धीवर आल्यावर फार लाज वाटायची. आपण काय बोललो, पदर नीट होता का, असं ती मला हळूच विचारायची. डोकं दुखायचं, हातपाय गळून जायचे. एकदा माझे केस विंचरताना ती म्हणाली की मधला तेवढा वेळ कुणीतरी कापून नेल्यासारखा वाटतो, आणि एक दिवस आपण परत येणारच नाही अशी भीती वाटते. देवी येत असेल तर अशी भीती का वाटेल, असंही तिनेच विचारलं.

* * *

आमच्या भोईवाड्याच्या डॉक्टरांनी तिला ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि संपाचा धसका घेतलाय म्हणाले. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याने ती सकाळी उशिरापर्यंत झोपायची आणि उठायची तेव्हा आणखीच भ्रमिष्ट असायची.

मग मी तिला आमच्या भागातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायला लागले. नाव लिहीत नाही, कारण तिथेच आम्हाला वाईट माणसं भेटली आणि तिथेच चांगली. ओपीडीच्या बाकावर आम्ही किती सकाळी काढल्या. पण तिथे पोचेपर्यंत आई ठणठणीत असायची. निघण्याआधी कुणीतरी तिला गूळ भरवलेला असायचा किंवा वाटेत मीच चहा पाजलेला असायचा. डॉक्टर नाव विचारायचे, वार विचारायचे, शंभरातून सात वजा करायला सांगायचे. खानावळ चालवलेली बाई ती, हिशोबात पक्की. धडाधड सांगायची. मग डॉक्टर माझ्याकडे बघायचे, जणू आजारी मीच आहे.

मेंदूचा आलेख काढला, तो चांगला आला. तेव्हा तिथल्या एका मोठ्या साहेबांनी आईसमोरच इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि शिकाऊ डॉक्टर हसले. त्यातला हिस्टेरिया हा शब्द मला कळला. मग ते त्या दिवशी सोबत आलेल्या बाबांना मराठीत म्हणाले की या वयात बायकांना असं होतं, लक्ष वेधून घ्यायचं असतं, काही दिवस वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, सही करा. बाबांनी पेन हातात घेतलं. ते दुष्ट नव्हते, पण कोटातल्या माणसाने सही कर म्हटल्यावर सही करायची, एवढीच त्यांना सवय होती.

मी पेन त्यांच्या हातातून काढून घेऊन टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "माझी आई नाटक करत नाही. तुम्हाला कळत नसेल तर कळत नाही म्हणा."

साहेब चिडले. आम्हाला बाहेर काढलं. जिन्यात बाबा माझ्यावर चिडले, एवढ्या मोठ्या माणसाशी असं बोलतात का म्हणाले. आई दोघांच्या मधून चालत होती. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "बरा बोललंस." बस्स, एवढंच.

* * *

पुढचा प्रकार मंगळवारी झाला नाही. गुरुवार होता, उपास नव्हता. आदल्या संध्याकाळी गावाहून आलेला एक जुना जेवणारा दारात उभा राहिला आणि आईने आपल्या वाटणीचा भात त्याला वाढला. सकाळी ती उठली तीच भलतं बोलत. बाबा गोदामावशीला हाक मारायला गेले. मी दार आतून लावून घेतलं.

कुंकू नाही, आरती नाही, कुणी हात जोडलेले नाहीत. टोपात चहा होता, त्यात मी मूठभर साखर घातली आणि बशीतून आईला पाजला. तिने हात झटकले, अर्धा माझ्या अंगावर सांडला. बाहेरून दार वाजत होतं. मी पाजतच राहिले. आई परत आली. मला नावाने हाक मारली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की देवीला कुंकवाची पर्वा नव्हती. तिला साखर हवी होती.

त्याच दिवशी मी दुकानात निरोप पाठवला आणि आईला घेऊन पुन्हा ओपीडीत गेले. नशिबाने त्या दिवशी मेडिसिनच्या टेबलावर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डॉक्टर फाटक. डोळ्यांखाली काळं, एप्रनवर शाईचा डाग. मी सांगायला लागले तसं त्यांनी लिहिणं थांबवलं. मला वाटलं, ह्याही हसणार. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या आधी शेवटचं कधी खाल्लं होतं?"

आजवर आईला काय झालं हे सगळ्यांनी विचारलं होतं. ती कधी जेवली, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. उपास, गूळ, चहा, खानावळीच्या दिवसांत काही न होणं, संपात सुरू होणं. त्या मध्येमध्ये आईला विचारत होत्या, आईकडे बघून विचारत होत्या, माझ्याकडे बघून नाही. शेवटी म्हणाल्या की रक्तातली साखर उतरत असावी, पण का ते शोधायला हवं, आणि त्यासाठी प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवा. म्हणजे भरती व्हायचं आणि देखरेखीखाली उपाशी राहायचं. तोवर घरी आईला दर थोड्या वेळाने खायला घाला, असं त्यांनी बजावलं.

आई मध्येच म्हणाली की आता नवरात्र येतंय, नऊ दिवस उपास आहे. चाळीने तिच्यासाठी चौरंग मांडायचं ठरवलं होतं. डॉक्टर फाटकांनी पेन खाली ठेवलं.

"आई, तुम्ही तो उपास केलात तर कदाचित एखाद्या सकाळी उठणारच नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, घाबरवायचं म्हणूनही बोलल्या नाहीत. सरळ सांगितलं.

* * *

घरी भांडण झालं. एवढं मोठं भांडण आमच्या खोलीत आधी कधी झालं नव्हतं. बाबा म्हणाले, लोकांना शब्द दिलाय. गोदामावशी रडायला लागली, देवीचा कोप होईल म्हणाली. मजल्यावरची चार माणसं दारात येऊन उभी राहिली आणि मला समजावायला लागली की शिकलेल्या मुलींना हे कळत नाही. मी कुणाचं वय बघितलं नाही, जे तोंडात आलं ते बोलले. देवीला भात लागत असेल तर तिने माझ्या आईच्या पोटात तो आधी घालावा, असंही बोलले.

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. सगळे ओरडून थकल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"माझ्या आंगात कोण येता ता माका बघूचा आसा," ती म्हणाली. "देवी आसली तर ती हास्पिटलात पण येतली. तिका काय तिकीट लागता?"

गोदामावशीसुद्धा डोळे पुसता पुसता हसली. दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच पिशवी भरली.

* * *

वॉर्डात खाटा कमी आणि बायका जास्त. आईला खिडकीजवळची खाट मिळाली, खाली जमिनीवर गादी टाकून आणखी एक बाई. सकाळी झाडू, मग फिनाइलचा वास, मग चहाची किटली, मग साहेबांचा राऊंड. आईच्या खाटेला पाटी लावली, काही खायला देऊ नये. पाण्याला परवानगी होती.

आयुष्यभर दुसऱ्यांना जेवायला घातलेली बाई उपाशी बसली होती आणि सगळा वॉर्ड तिच्यासमोर जेवत होता. आई त्यांना सांगत होती, भात गिळू नका, चावून खा.

नर्सबाई वाचून दाखवायच्या पाटी, पण शेजारच्या खाटेवरच्या आजींना वाचता येत नव्हतं आणि ऐकूही कमी यायचं. मी खाली औषधांच्या खिडकीशी गेले होते. आजींनी बघितलं की बाई घामाघूम झालीय, ओठ सुकलेत, कालपासून कुणी विचारलं नाही. त्यांनी आपल्या चहात बिस्किटं बुडवून आईला भरवली. किती प्रेमाने भरवली असतील. मी वर आले तेव्हा आई छान हसत होती आणि रक्तात साखर बरोबर होती.

दुसऱ्या सकाळी राऊंडला तेच साहेब आले. हिस्टेरिया म्हणालेले. कागद बघून म्हणाले, काही निघालं नाही, खाट रिकामी करा. डॉक्टर फाटक त्यांना हळू आवाजात बिस्किटांचं सांगत होत्या, साहेबांनी हातानेच त्यांना थांबवलं. त्या ज्युनियर होत्या, त्यांना त्याच्या पुढे जाता येत नव्हतं. मला येत होतं. मी आईच्या खाटेवर जाऊन बसले.

मी म्हटलं, आम्ही जाणार नाही. पुन्हा उपाशी ठेवा. मी इथून हलत नाही, कुणाला तिच्या तोंडात दाणा घालू देत नाही. त्यातूनही काही निघालं नाही, तर तुम्ही म्हणाल तिथे मी सही करते.

साहेब म्हणाले की हॉस्पिटल म्हणजे संपाचं मैदान नाही. वॉर्डात गिरणगावच्याच बायका होत्या. जमिनीवरच्या गादीवरची बाई, जिचा नवरा बाबांसारखाच घरी बसला होता, उठून बसली आणि म्हणाली, "राहू द्या की त्यांना. खाट मला नको, मी खाली बरी आहे." मग दुसरी बोलली, मग तिसरी. आजींना काय झालं ते कुणीतरी कानात ओरडून सांगितलं, तशा त्या रडायला लागल्या आणि साहेबांकडे हात जोडून बघायला लागल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं, एकच दिवस म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

* * *

दुसऱ्यांदा उपास सुरू झाला तेव्हा मला खरी भीती वाटली. आधी राग होता, रागात भीती कळत नाही. आता मी स्वतःच्या हाताने आईला उपाशी ठेवत होते आणि वाट बघत होते ती तिने हरवायची. डॉक्टर फाटक दर थोड्या वेळाने येऊन बोटातून रक्त घ्यायच्या. सलाईन, इंजेक्शन सगळं खाटेशेजारी मांडून ठेवलं होतं. आयाबाईंनी मला स्टूल आणून दिलं. गोष्ट साधी, पण त्या दिवशी मी त्यावर रडले.

दुपारी राऊंड सरला, वॉर्ड शांत झाला. आई मला गावच्या सामायिक विहिरीवरून भावकीत कसं भांडण झालं ते सांगत होती. सांगता सांगता विहिरीचं नाव तिला सापडेना. मग भावाचं नाव सापडेना. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की ती गेली.

मी हाक मारली. डॉक्टर धावत आल्या. आई त्यांच्या एप्रनचं टोक धरून आमटी वाढते म्हणत होती. त्यांनी रक्ताचा थेंब साखर तपासायच्या पट्टीवर घेतला. पट्टीला रंगच चढला नाही, जवळजवळ पांढरी राहिली. मग त्यांनी दंडातून नळीभर रक्त काढलं. तेवढा वेळ मी आईला घट्ट धरून ठेवलं होतं, ती मला ढकलत होती, माझ्या हाताला चावली. तो वेळ जगातला सगळ्यात लांब वेळ होता. मग शिरेतून साखर दिली. सुई अजून हातात होती आणि आईने डोळे उघडून विचारलं, "इलंस तू? खंय होतंस?"

म्हणजे आलीस का, कुठे होतीस. हरवलेली ती आणि विचारत होती मला.

डॉक्टर फाटक पट्टी उजेडात धरून बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. "सापडलं," एवढंच म्हणाल्या.

* * *

आईच्या स्वादुपिंडावर एक गाठ होती. ती गाठ साखर उतरवणारा रस गरज नसतानाही सोडत राहायची. पोटात अन्न असेल तोवर चालून जायचं. खानावळीच्या दिवसांत चव घेता घेता आईचं पोट कधी रिकामं राहिलंच नाही, म्हणून आजार दडून राहिला. चूल विझली आणि तो बाहेर आला. गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता कमी, पण पोट उघडून शोधावी लागेल, आणि सापडेलच असं नाही, असं सर्जननी सांगितलं. त्यांचं हे "सापडेलच असं नाही" मला आवडलं. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

साहेबही आले होते. त्यांनी आईची नाडी बघितली, माझ्याकडे बघणं टाळलं. माफी वगैरे काही मागितली नाही. मला ती नकोच होती.

ऑपरेशनसाठी रक्त लागणार होतं. बाबा उठून निघून गेले. सकाळी बघते तर रक्तपेढीच्या दाराशी त्यांच्या खात्यातली साचेवाली माणसं उभी. आईच्या हातचं जेवलेली कितीतरी. कुणी कॉटन ग्रीनला गोदामात हमाली करत होतं, तिथून तसंच आलेलं. त्यातल्या काहींना अंगात रक्तच कमी म्हणून परत पाठवलं, ते चिडले, भांडले, पुन्हा तपासा म्हणाले. ज्यांचं घेतलं त्यांना कॉफी-बिस्किटं मिळाली, ती त्यांनी परत पाठवलेल्यांना वाटून दिली. गिरणीचे मालक आणि सरकार या माणसांना मोडून टाकायला निघाले होते. ही माणसं मोडली नव्हती, मी डोळ्यांनी बघितली.

ऑपरेशन चालू असताना बाबा आणि मी जिन्यात बसलो होतो. मध्येच ते बोलायला लागले.

"मला वाटायचं, गिरणी गेली, युनियनचं कुणी विचारत नाही, निदान देवी तरी आपल्या घरी आली. निदान तिने तरी आपल्याला निवडलं."

त्या दारात रांग लावणाऱ्या माणसावर मी वर्षभर धरलेला राग तिथेच जिन्यात सुटला. मी त्यांचा हात धरला. लूमवर काम करून टणक झालेला त्यांचा हात आता मऊ पडायला लागला होता, ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

सर्जन बाहेर आले. हिरव्या कपड्यांवर घाम. गाठ डोळ्यांना दिसत नव्हती, बोटांनी चाचपून सापडली म्हणाले. वाटाण्याएवढी. दीड वर्ष एका बाईला कधी देवी, कधी वेडी, कधी नाटकी ठरवणारी ती गाठ एवढीशी होती.

* * *

आई बरी झाली. टाके दुखले, ताप आला, काही दिवस साखर उलट वर चढली, मग आपोआप ताळ्यावर आली. गोदामावशी भेटायला यायची ती डब्यात मऊ भात घेऊन. कुंकू आणायची ती फक्त आईच्या कपाळाला बोटभर लावायला. तिने तोंडात घातलेल्या गुळानेच आईला तेवढे महिने जगवलं, हे डॉक्टर फाटकांनी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग देवीनेच मला ती बुद्धी दिली. आई म्हणाली, असात, म्हणजे असेल. त्यावर कुणी वाद घातला नाही.

नवरात्रात चौरंग मांडला गेला नाही. मंगळवारी बायका आल्या की आई गॅलरीत उभी राहून त्यांना सांगायची की गिरणी उघडेल का ते मला ठाऊक नाही, तेव्हाही ठाऊक नव्हतं. काहींना राग आला. काही बसल्या, पेज पिऊन गेल्या. बाबांची गिरणी पुढे उघडलीच नाही. ते एका शाळेत शिपाई झाले. आम्ही जगलो.

पुढच्या वर्षी डॉक्टर फाटकांचा निरोप आला. शिकणाऱ्या मुलांना आईची केस दाखवायची होती, येणार का? आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. पायऱ्यापायऱ्यांची मोठी खोली, वरपर्यंत मुलं-मुली बसलेली. आई खाली खुर्चीवर, मी बाजूला. साहेबच शिकवत होते. त्यांनी फळ्यावर काय काय लिहिलं. बोलता बोलता म्हणाले की या रुग्णाला सुरुवातीला मानसिक रुग्ण समजलं गेलं. कुणी समजलं ते सांगितलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला रुग्णाला काही विचारायचं आहे का. आईच उभी राहिली. साहेबांनी बसा म्हणून हात केला, ती बसली नाही. समोर एवढी माणसं असल्यावर ती जमेल तशी पुस्तकातली मराठी बोलायला लागली.

"पोरांनो, मी काय शिकलेली नाही. पण माझ्याकडे रोज एवढी माणसं जेवायची, मी त्यांची तोंडं बघून ओळखायचे कोण आजारी आहे ते. तुमच्यासमोर बाई येईल तेव्हा ती बरी असेल. आजारी ती घरी असते. तिच्याबरोबर जी मुलगी येईल ना, तिला विचारा. आणि ती सांगेल त्याच्यावर हसू नका. ह्या साहेबांनी मला वेडी म्हटलं, माझ्या तोंडावर म्हटलं. मला इंग्रजी येत नाही, पण हसणं कळतं."

साहेब खडू हातात धरून उभे होते. वरच्या एका पायरीवरची मुलगी वहीत लिहायला लागली, मग तिच्या शेजारचा मुलगा.

आईने थोडं थांबून बघितलं, ते लिहितायत याची खात्री केली, आणि मग बसली.